अठरा पूर्ण झाली, आता पुढे?

भाकरी थापत ऐकत असाल तर हात चालू राहू द्या, तांदूळ निवडत असाल तर निवडत राहा, फक्त कान इकडे असू द्या. आजचा विषय थोडा कायद्याचा आणि कागदांचा आहे. पण आमच्याकडे तो कागदातून आला नाही. तो आला गटाच्या बैठकीतून.

आमच्या एका गटातल्या मावशींनी बहिणीची मुलगी सांभाळली. मेहुणे आधी गेले, मग बहीण गेली. मुलगी तेव्हा दुसरीत होती. पुढे कुणीतरी सांगितलं म्हणून मावशींनी बालसंगोपन योजनेचा अर्ज केला आणि दर महिन्याला थोडे पैसे येऊ लागले. वह्या, एसटीचा पास, गणवेश त्यातून निघायचा. मुलगी बारावीत गेली. जानेवारीत तिला अठरा पूर्ण झाली आणि पैसे बंद झाले. फेब्रुवारीत परीक्षा. मावशी दोनदा बँकेत जाऊन आल्या. त्यांना वाटलं केवायसी राहिली असेल. शेवटी कार्यालयातून कळलं की चूक कुठेच नाही, मुलगी सज्ञान झाली म्हणून योजना संपली.

मावशी बैठकीत एवढंच म्हणाल्या, "अठरा झाली म्हणजे काय एका रात्रीत कमवायला लागली का ती?"

प्रश्न साधा होता. आम्हाला उत्तर देता आलं नाही. म्हणून आम्ही तिघी-चौघी शोधायला बसलो. हा अठराचा आकडा आला कुठून? ज्यांना आईबाप नाहीत, त्यांना अठरानंतर कोण सांभाळत होतं? त्याचे पैसे कोण देत होतं? आणि आज कुणाला मिळतात, कुणाला नाही? जे सापडलं, ते आज तुमच्यापुढे मांडतो.

पहिली गोष्ट आम्हाला सापडली ती १८५० सालची. कंपनी सरकारचं राज्य होतं. त्या वर्षी उमेदवारीचा कायदा झाला. उमेदवारी म्हणजे कारागिराच्या हाताखाली राहून काम शिकणं. हा कायदा मुद्दाम अनाथ आणि धर्मादाय संस्थांमध्ये वाढलेल्या गरीब मुलांसाठी होता, मोठं झाल्यावर त्यांना पोट भरता यावं म्हणून. दहा ते अठरा वर्षांच्या मुलाला उमेदवार म्हणून ठेवता यायचं, जास्तीत जास्त सात वर्षं. आईबाप नसले तर संस्थेचे चालकच पालक म्हणून करार करायचे. आता पुढचं लक्ष देऊन ऐका. ही उमेदवारी मुलाच्या बाबतीत २१ वर्षांपर्यंत चालू शकत होती. आणि मुलीच्या बाबतीत? तिचं लग्न होईपर्यंत.

आम्ही हे वाचलं आणि एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिलो. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या कायद्यात मुलाचा शेवट वयाने ठरला होता आणि मुलीचा लग्नाने. हे लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

दुसरी गोष्ट १८७५ची. त्या वर्षी सज्ञानतेचा कायदा झाला आणि अठरा पूर्ण म्हणजे सज्ञान असं ठरलं. आपल्या आजच्या अठराचं मूळ इथे आहे. पण त्यातही एक खुंटी होती. ज्या मुलाला कोर्टाने पालक नेमून दिलेला असेल, ते २१व्या वर्षी सज्ञान व्हायचं. म्हणजे आईबापाविना असलेल्या आणि मागे काही मालमत्ता असलेल्या मुलाला कायदा तीन वर्षं जास्त जपत होता. ही तरतूद १९९९पर्यंत पुस्तकात होती. थोडक्यात काय, तर अठरा हा काही देवाने घातलेला आकडा नाही. मतदानाचं वयसुद्धा आधी २१ होतं, ते १९८९मध्ये १८ झालं. मुलाच्या लग्नाचं वय आजही २१च आहे. म्हणजे बालगृहातल्या मुलाला एकविसाच्या आत संसार मांडता येत नाही, पण अठराव्या वर्षी एकट्याचं घर मात्र चालवावं लागतं.

हे झालं कायद्याचं. आपल्या लोकांनी काय केलं?

जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात १८६३मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, हे आपण शाळेत शिकलो. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथे यावं, सुरक्षित बाळंत व्हावं, जमल्यास मूल न्यावं, नाहीतर ठेवून जावं. काशीबाई नावाच्या एका विधवेचा मुलगा फुले दांपत्याने १८७४मध्ये दत्तक घेतला. तो यशवंत. त्यांनी त्याला नुसतं वाढवलं नाही, शिकवलं, डॉक्टर केलं. १८९७मध्ये पुण्याला प्लेग आला तेव्हा यशवंतच्या दवाखान्यात सावित्रीबाई रोग्यांची सेवा करत होत्या. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ला त्या गेल्या. तेव्हा यशवंत विशी ओलांडून गेला होता आणि तरी आई त्याच्या कामात त्याच्याबरोबर उभी होती. आईबाप असंच करतात. अठराव्या वर्षी ताट उचलून घेत नाहीत.

आपल्या पंढरपुरात १८७५मध्ये लालशंकर उमियाशंकर या न्यायाधीशांनी टाकून दिलेल्या बाळांसाठी आश्रम सुरू केला. पुढे प्रार्थना समाजाने तो चालवला. पंढरपूर का, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. वारीचं गाव, यात्रेची गर्दी, आणि त्या गर्दीत पोटातलं लपवायला आलेल्या बाया.

पंडिता रमाबाईंनी १८८९मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, मग ते पुण्यात आणलं. १८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणि तरुण विधवा आणल्या आणि केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. तिथे शेती होती, विणकाम होतं, तेलाचा घाणा होता, छापखाना होता. छापखान्यातले खिळे जुळवण्याचं कामही तिथल्या बायका करत. रमाबाईंच्या धर्मांतरावरून तेव्हा पुष्कळ वाद झाले, त्यात आम्ही जात नाही. आमच्या विषयापुरतं एवढंच बघा की अठरा झाली म्हणून तिथली कुणी मुलगी फाटकाबाहेर गेली नाही. ज्या शिकल्या, त्यातल्या कितीतरी तिथेच शिकवू लागल्या. हाताला काम येईपर्यंत डोक्यावर छप्पर, हा हिशेब रमाबाईंनी सरकारच्या आधी मांडला होता. पैसा मात्र देणगीचा. देणगी आली तर चूल पेटणार.

सरकारने हात घातला तो बराच नंतर. १९२४मध्ये मुंबई मुलांचा कायदा झाला. १९२७मध्ये मुंबईत बालन्यायालय आणि चिल्ड्रन्स एड सोसायटी सुरू झाली. १९४८मध्ये जुना कायदा जाऊन नवा आला. त्यात सोळा वर्षांच्या आतलं ते मूल. मूल संस्थेत कसं आणायचं, त्याला किती दिवस ठेवायचं, यावर कलमं भरपूर होती. बाहेर पडल्यावर काय, हा भाग मात्र बारीकच राहिला.

तुमच्या जिल्ह्याच्या निरीक्षणगृहावरची पाटी कधी वाचली आहे का? बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं, 'जिल्हा परिविक्षा व अनुरक्षण संघटना'. आम्ही वर्षानुवर्षं त्या पाटीखालून गेलो, अर्थ कधी विचारला नाही. अनुरक्षण म्हणजे रक्षणाच्या मागून येणारं रक्षण. मूल संस्थेतून बाहेर पडलं तरी काही काळ त्याच्या पाठीशी उभं राहणं. आज आपण ज्याबद्दल बोलतोय, त्याचं सरकारी मराठी नाव हेच आहे.

स्वातंत्र्यानंतर १९५३मध्ये केंद्रीय समाज कल्याण मंडळ स्थापन झालं, दुर्गाबाई देशमुख त्याच्या पहिल्या अध्यक्ष. या मंडळाने अनुरक्षणावर एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते प्राध्यापक मा. स. गोरे. संस्थांमधून बाहेर पडणाऱ्यांचं पुढे काय होतं, हे देशपातळीवर विचारणारी ही समिती. १९५५मध्ये तिचा अहवाल आला. त्याच सुमाराची धन्वंती रामा राव यांची दुसरी समिती होती. या दोन्ही समित्यांच्या शिफारशींवरून दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत राज्यगृहं आणि जिल्ह्यांतली निवारागृहं आली. आज आपण 'महिला राज्यगृह' म्हणतो, त्या नावाची मुळं तिथे आहेत. म्हणून आपल्याकडे असं झालं की मुलगा अठराचा झाला तर अनुरक्षण गृहात जायचा आणि मुलगी अठराची झाली तर बहुधा महिला राज्यगृहात. तिथे तिच्या शेजारच्या खाटेवर नवऱ्याने टाकलेली चाळिशीची बाई. दोघींची दुःखं खरी, पण गरजा एक नाहीत. एकीला बारावी करायची असते, दुसरीला पोटगी हवी असते.

आता वयाच्या रेषेचा खेळ बघा. १९६०मध्ये केंद्रशासित प्रदेशांसाठी मुलांचा कायदा झाला, त्यात मुलगा १६ पर्यंत मूल आणि मुलगी १८ पर्यंत. १९८६च्या बालन्याय कायद्यानेही तेच ठेवलं. २००० सालच्या कायद्याने दोघांनाही १८ केलं. त्याच कायद्यात लिहिलं की अनुरक्षण तीन वर्षांपेक्षा जास्त नको, आणि सतरा ते अठराच्या मधलं मूल वीस वर्षं पूर्ण होईपर्यंत अनुरक्षण संस्थेत राहील. २००७च्या नियमांत २१ आलं. सहा ते आठ तरुणांनी मिळून एका घरात राहावं, काम शिकताना विद्यावेतन मिळावं, कमवायला लागले की भाड्यात थोडा वाटा उचलावा, सल्ला द्यायला कुणीतरी असावं, धंद्यासाठी कर्जाची सोय व्हावी, असा आराखडा त्यात होता. वाचताना आम्हाला आपल्या गटाचीच आठवण झाली. थोडं आपलं, थोडं बाहेरचं, आणि पाठीशी माणसं.

पैशाची सोय २००९पासून जरा नीट लागली. केंद्राची एकात्मिक बाल संरक्षण योजना आली आणि अनुरक्षणासाठी माणशी महिना २,००० रुपये ठरले. मग २०१५चा बालन्याय कायदा आला, १५ जानेवारी २०१६पासून लागू झाला. आज तोच चालतो. त्याचं ४६वं कलम सांगतं की अठरा पूर्ण करून बालगृहातून बाहेर पडणाऱ्याला आर्थिक साहाय्य 'देता येईल'. ऐकलंत ना? 'द्यावं लागेल' असं नाही, 'देता येईल'. या दोन शब्दांमधल्या फटीत कितीतरी पोरं अडकली आहेत.

२०१६च्या नमुना नियमांनी ही फट थोडी बुजवली. ते नियम सोप्या भाषेत सांगतो, कारण खरा उपयोग इथे आहे.

पात्र कोण? अठरा पूर्ण होऊन बालगृहातून बाहेर पडणारा मुलगा किंवा मुलगी. किती वर्षं? २१ पूर्ण होईपर्यंत. खास कारण असेल, समजा शिक्षण अर्धवट आहे, तर आणखी दोन वर्षं, म्हणजे २३ पर्यंत. आदेश कुणाचा? बाल कल्याण समितीचा, आणि कायद्याच्या कचाट्यात सापडलेलं मूल असेल तर बालन्याय मंडळाचा किंवा बाल न्यायालयाचा. तयारी कधी? मूल बाहेर पडायच्या दोन महिने आधी परिविक्षा अधिकारी किंवा समाजसेविकेने त्याच्या पुढच्या आयुष्याचा आराखडा तयार करून समितीपुढे ठेवायचा. पैसे कुठे? थेट त्या तरुणाच्या किंवा तरुणीच्या बँक खात्यात. काम पाहणार कोण? जिल्हा बाल संरक्षण कक्ष.

२०२२मध्ये मिशन वात्सल्यच्या मार्गदर्शक सूचना आल्या आणि अनुरक्षणाची रक्कम महिना ४,००० रुपये झाली. आपल्या राज्यात त्यातले शंभरातले ६० केंद्र देतं आणि ४० राज्य. चार हजारांत आज सोलापुरात खोली आणि खानावळ दोन्ही होत नाही, हे आम्हालाही कळतं. पण शिकत असताना चार हजार येणं आणि काहीच न येणं, यात फार अंतर आहे.

इथे आमचीच एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या गावात एक सून आली, बालगृहात वाढलेली. अठरा पूर्ण झाली आणि दीड महिन्यात तिचं लग्न लावून दिलं. स्थळ चांगलं, माणसं चांगली, तिची काही तक्रार नाही. ती गटात आली, हिशेबात हुशार. आम्ही हे नियम वाचत होतो तेव्हा ती शेजारी बसली होती. दोन महिने आधीच्या आराखड्याचं वाक्य आलं तेव्हा तिने वही आपल्याकडे ओढली आणि पुन्हा वाचलं. मग म्हणाली, "ताई, मला नर्सिंग करायचं होतं. मला विचारलं ते एवढंच, मुलगा पसंत आहे का." तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. तेविसाची मर्यादा ओलांडून गेली होती. तिच्यासाठी काही करता येण्यासारखं असतं, तर ते आधी करायचं होतं. आणि आधीची काही वर्षं ती आमच्याच गटात बसत होती. नियम तेव्हाही होता. आम्हालाच ठाऊक नव्हता.

१८५०च्या कायद्यातली ओळ आठवते ना? मुलाला २१ पर्यंत, मुलीला लग्नापर्यंत. कागदावरून ती ओळ कधीच गेली. माणसांच्या मनातून गेलेली नाही. बालगृहातल्या मुलीचं लग्न झालं, मोठ्या अधिकाऱ्यांनी कन्यादान केलं, असा फोटो पेपरात येतो आणि आपणही डोळे पुसतो. लग्न वाईट नाही. पण लग्न म्हणजे अनुरक्षण नव्हे. हातात काही नसलेली मुलगी सासरी गेली आणि उद्या काही झालं, तर तिला परत यायला माहेर नाही, हे आपण बायांनी तरी विसरायला नको.

आता पुन्हा आपल्या मावशींकडे येऊ. हे सगळं वाचून आम्हाला वाटलं, झालं काम, मावशींच्या मुलीला २१ पर्यंत पैसे मिळतील. पण पुन्हा नीट वाचलं. कायद्यात अनुरक्षणाची जी व्याख्या आहे, तिच्यात संस्थेतून बाहेर पडलेल्या व्यक्ती आहेत. मिशन वात्सल्यही बालगृह सोडणाऱ्यांबद्दलच बोलतं. मावशीने घरी वाढवलेली मुलगी त्यात बसत नाही.

बघा हं, कसं झालं. सगळे कायदे म्हणतात की मूल शक्यतो कुटुंबात वाढावं, संस्था हा शेवटचा उपाय. म्हणूनच तर बालसंगोपन योजना आहे. नातेवाइकाने किंवा दुसऱ्या कुटुंबाने मूल सांभाळावं आणि सरकारने महिना मदत द्यावी. ही रक्कम बराच काळ ४२५ रुपये होती, मग १,१०० झाली, २०२३मध्ये २,२५० झाली आणि योजनेला नाव मिळालं क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. पण ती अठराला थांबते. म्हणजे मावशीने मूल बालगृहात टाकलं असतं, तर ते २१ पर्यंत मदतीला पात्र ठरलं असतं. घरी वाढवलं म्हणून अठराला संपलं. ज्या सावित्रीबाई विशी ओलांडलेल्या यशवंतच्या दवाखान्यात राबल्या, त्यांच्या नावाची योजना बारावीच्या परीक्षेच्या तोंडावर बंद होते. आम्ही हे रागाने म्हणत नाही, पण म्हणायला तर हवं.

असं सगळीकडेच आहे का, हे पण आम्ही पाहिलं. अमेरिकेत आईबापांपासून दूर झालेली मुलं सरकारने ठरवलेल्या कुटुंबात राहतात, त्यात नातेवाईकही येतात. तिथेही अठराला दार बंद व्हायचं. २००८मध्ये तिथे कायदा झाला. जी राज्यं अशा मुलांना १९, २० किंवा २१ पर्यंत त्याच सोयीत ठेवतील, त्यांना केंद्र आपला वाटा देईल. कॅलिफोर्नियाने हे २०१२पासून सुरू केलं. अटी पाच, त्यातली एक पुरी झाली की बास. शाळेचं शिक्षण चालू असणं, कॉलेज किंवा धंदेशिक्षण चालू असणं, नोकरीची तयारी करून घेणाऱ्या कार्यक्रमात असणं, महिन्याला निदान ८० तास काम करणं, किंवा आजारपणामुळे यातलं काहीच शक्य नसणं. तिथेही सगळं गोड नाही. केंद्राचा वाटा मिळायला मूल ज्या घरातून आलं, ते घर १९९६ सालच्या गरिबीच्या मापात बसावं लागतं. कागद तिथेही छळतो. पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. मूल संस्थेत होतं की घरात, यावर तिथे पात्रता ठरत नाही. ते शिकतंय का, कमवायला धडपडतंय का, यावर ठरते.

आपल्याकडेही हे सुचलेलं नाही असं नाही. कोविडमध्ये दोन्ही पालक गेलेल्या मुलांसाठी केंद्राने २०२१मध्ये पीएम केअर्सची योजना आणली. त्यात अठरानंतर पाच वर्षं विद्यावेतन आणि २३व्या वर्षी दहा लाख रुपये. तिथे मूल नातेवाइकाकडे वाढलं तरी चालतं. म्हणजे २३ पर्यंत आधार लागतो, हे सरकारलाही पटलेलं आहे. साथीत आईबाप गेले तर पटतं. टीबीने, दारूने, अपघाताने, कर्जापायी गेले तर अजून पटायचं आहे.

राज्यातही पावलं पडली आहेत. २०१८मध्ये अनाथांना खुल्या प्रवर्गातून शिक्षण आणि सरकारी नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण मिळालं. सुरुवातीला त्यात नातेवाइकांकडे वाढलेली मुलं बसत नव्हती. २०२१च्या निर्णयाने तीही आली. त्यासाठी लागतं ते अनाथ प्रमाणपत्र. म्हणजे रेषा हलते. हलवली की हलते.

अमरावती जिल्ह्यात, अचलपूरजवळ वझ्झर गाव आहे. तिथे शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेली दिव्यांग मुलं वाढवली. त्यांना २०२४मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांची वर्षानुवर्षांची मागणी एकच, बेवारस दिव्यांग मुलांना अठरानंतर बालगृहाबाहेर काढू नका, कायदा करा. त्यांनी आपली पोरं बाहेर काढली नाहीत, आपलं नाव त्यांना दिलं. तिथेच वाढलेली एक अंध मुलगी २०२४मध्ये एमपीएससीची परीक्षा पास झाली. तेव्हा ती अठराची नव्हती, पंचविशीच्या आसपास होती. अठराव्या वर्षी तिला फाटकाबाहेर ठेवलं असतं, तर त्या यादीत तिचं नाव आलं असतं का, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

मग आपण काय करायचं? कायदा बदलणं मोठं काम आहे, ते करायचंच. आमच्या ग्रामसंघाने ठराव केला आहे की बालसंगोपनात वाढलेल्या मुलांना शिक्षण चालू असेपर्यंत, निदान २१ पर्यंत मदत मिळावी. तो प्रभागसंघातून जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे दिला आहे. तुमच्या ग्रामसंघानेही असा ठराव करावा, सह्या जास्त झाल्या की कागद जड होतो.

पण आजचं काम आजच करता येतं. तुमच्या वाडीवस्तीवर आजी, मावशी, चुलत्याकडे वाढणारं मूल असेल, तर त्याची जन्मतारीख गटाच्या वहीत लिहून ठेवा. सतरा पूर्ण झाली की कामाला लागा. आधार, बँक खातं त्याच्या स्वतःच्या नावाचं, आईवडिलांचे मृत्यूचे दाखले, शाळेचा दाखला, रहिवासी दाखला, आणि अनाथ प्रमाणपत्राचा अर्ज. तुमच्या ओळखीचं मूल बालगृहात असेल, तर दोन महिने आधीच्या आराखड्याबद्दल बाल कल्याण समितीला विचारा. आवाज चढवायची गरज नाही. '२०१६च्या नियमाप्रमाणे आराखडा झाला का?' एवढं विचारलं तरी समोरचा फाइल उघडतो. आणि अडलं तर १०९८ हा मुलांचा मदत क्रमांक आहे, तो लावा.

आता मावशींच्या मुलीचं सांगतो. ज्या महिन्यात तिचे पैसे बंद झाले, त्याच महिन्यात ती बचत गटाची सभासद व्हायला पात्र झाली, कारण गटालाही अठराच लागतात. तिला सभासद करून घेतलं. पहिलं अंतर्गत कर्ज तिने बारावीनंतरच्या प्रवेशासाठी उचललं, शेकडा एक रुपयाने. हप्ता मावशी भरतात, कधी ती सुट्टीत शिवणकाम करून भरते. आम्हाला यात मोठेपणा वाटत नाही, कारण कर्ज ते कर्जच. सरकारने द्यायचा आधार गटाने व्याजाने दिला, एवढाच त्याचा अर्थ.

परवाच्या बैठकीत आम्ही वहीत एक नवीन रकाना आखला, 'सतरा पूर्ण'. पहिल्याच दिवशी त्यात चार नावं आली. चार, एकट्या आमच्या गावात. तुमच्या गावात किती निघतात, मोजून आम्हाला नक्की कळवा.